लायब्ररीत नसलेली मोटर

घोड, भीमा आणि मुळा-मुठेच्या पाण्यावर शिरूर-दौंडचा ऊस उभा आहे. ते पाणी उपसणारी पाच किंवा साडेसात हॉर्सपॉवरची मोटर मात्र आपण वापरतो त्या सर्किट सिम्युलेटरच्या लायब्ररीत सापडत नाही. लायब्ररीत डायोड, ट्रान्झिस्टर, मॉसफेट, ऑप-अँप यांची रांग असते, कारण ते भाग बनवणाऱ्या कंपन्यांना ते खपवायचे असतात आणि त्यासाठी त्या स्वतःच मॉडेलं पुरवतात. न्हावऱ्याच्या किंवा पाटसच्या दुकानात रिवायंडिंग होऊन परत विहिरीत सुटलेल्या मोटरचं मॉडेल कोण देणार?

हा प्रश्न पुस्तकी नाही. दौंड तालुक्यात स्वामी चिंचोलीला, शेजारी बारामतीला अभियांत्रिकीची कॉलेजं आहेत. तिथे किंवा पुण्याला शिकणारी शेतकऱ्यांची मुलं प्रोजेक्टसाठी घरचंच दुखणं निवडतात: स्टार्टर, सिंगल फेज प्रिव्हेंटर, मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारा बोर्ड. त्यामागे सबळ कारण आहे. थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच येत आली आहे, आणि शिरूरच्या उसात रात्री बिबट्या असतो. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी मोबाइलवरून पंप चालवणारं 'नॅनो गणेश' याच गरजेतून उभं केलं आणि 2009 मध्ये नोकियाच्या स्पर्धेत ते जगापुढे आलं. असं काही बनवताना सर्किट आधी संगणकावर चालवून बघावं हे सगळ्यांना पटतं. अडतं ते मोटरपाशी. लायब्ररीत ती नाही म्हटल्यावर तिच्या जागी तीन रेझिस्टर आणि तीन इंडक्टर टाकले जातात आणि काम पुढे सरकतं.

त्यातून काय होतं ते एका उदाहरणावर नीट बघू, कारण आपला घटक सिम्युलेटरमध्ये घालण्याचा सगळा प्रश्न त्यात येतो.

मोटर चालू आहे आणि डीपीवरचा एक फ्यूज उडाला. एक फेज गेली. स्टार्टरमधल्या प्रिव्हेंटरने हे ओळखून मोटर बंद करायची. सगळ्यात स्वस्त प्रिव्हेंटर तिन्ही तारांमधला व्होल्टेज बघतो. मोटरच्या जागी रेझिस्टर-इंडक्टर असतील, तर गेलेल्या फेजच्या टोकाला स्टार जोडणीच्या मध्यबिंदूचा व्होल्टेज दिसतो, म्हणजे त्या टोकापासून इतर दोन तारांपर्यंत 415 च्या निम्मे, साधारण 207 व्होल्ट. संगणकावर प्रिव्हेंटर क्षणात पडतो. आलेख सुरेख येतो, अहवालात छापला जातो.

विहिरीवर तसं होत नाही. फिरता रोटर त्या तुटलेल्या फेजच्या वायंडिंगमध्ये स्वतःच व्होल्टेज निर्माण करतो. भार हलका असेल तर तो पुरवठ्याच्या व्होल्टेजच्या इतका जवळ असतो की नुसता व्होल्टेज बघणाऱ्या सर्किटला फेज गेल्याचं कळत नाही. मोटर फिरत राहते. पाणी तितकंच उपसायचं असल्याने उरलेल्या दोन तारांतला करंट निदान 1.73 पट होतो. पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीत साडेसात अँपिअरच्या जागी तेरा. मोटर बंद पडल्यावर पुन्हा चालू केली तर ती नुसती गुणगुणते आणि तेव्हा प्रिव्हेंटर पडतो, पण तोवर उशीर झालेला असतो. रिवायंडिंगवाला मोटर उघडतो आणि एका नजरेत सांगतो की फेज गेली होती. स्टार जोडणीत दोन फेजची कॉइल्स काळी पडलेली असतात आणि तिसरी शाबूत, डेल्टात उलट, एकच फेज जळते आणि दोन वाचतात. नुसत्या जास्त भाराने जळलेली मोटर सगळीकडून सारखी काळी होते.

म्हणजे चुकीच्या मॉडेलने प्रिव्हेंटर नापास केला नाही, त्याला पास केलं. मला यातलं हेच सगळ्यात धोक्याचं वाटतं. सिम्युलेटर अडला, लाल अक्षरात चूक दाखवली, तर माणूस थांबतो. इथे मात्र सगळं सुरळीत चालतं, उत्तर गुळगुळीत येतं, आणि ते खोटं असतं. आपल्याकडे मॉडेल घालणं हे सॉफ्टवेअरचं कौशल्य म्हणून शिकवलं जातं: फाइल कुठे ठेवायची, सिम्बॉल कसा जोडायचा. माझ्या मते ते आधी मोजण्याचं कौशल्य आहे आणि फाइलचा नंबर त्यानंतर लागतो.

आता मार्ग कोणकोणते आहेत ते बघू. आज जवळपास सगळे सिम्युलेटर ज्याच्या वंशातले आहेत तो स्पाइस कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात तयार झाला. लॉरेन्स नेगल यांनी डोनाल्ड पेडरसन यांच्या हाताखाली तो लिहिला आणि 1973 मध्ये मांडला. तो सगळ्यांना खुला असावा हा पेडरसन यांचा आग्रह होता, आणि त्या आग्रहामुळेच तो जगभर पसरला. पण 1975 च्या स्पाइस-2 पर्यंत अगदी नवा घटक आणायचा तर फोरट्रानमधला मूळ प्रोग्रामच बदलावा लागे. स्पाइस-3 सी भाषेत नव्याने लिहिला गेला तेव्हा प्रत्येक घटकाचा कोड वेगळा ठेवण्याची सोय झाली. ती विद्यापीठातल्या संशोधकांना पुरेशी होती. बाकीच्यांनी सोपे रस्ते शोधले.

पहिला रस्ता नुसते आकडे बदलण्याचा. डायोडचं समीकरण सिम्युलेटरमध्ये आधीच आहे, आपण एका ओळीत त्याचा सॅच्युरेशन करंट, रेझिस्टन्स, ब्रेकडाउन व्होल्टेज द्यायचा. रोजच्या कामात हाच मार्ग लागतो. दुसरा सबसर्किटचा: असलेल्या घटकांची जोडणी करून तिला एक नाव आणि ठरावीक टोकं द्यायची. 1974 मध्ये बॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑप-अँपचं मॉडेल असंच केलं. आतले सगळे ट्रान्झिस्टर न मांडता मोजक्या घटकांत बाहेरून दिसणारं वागणं त्यांनी पकडलं, आणि ती पद्धत अजून वापरात आहे. तिसरा समीकरणाचा: ज्याचा करंट किंवा व्होल्टेज आपण लिहिलेल्या सूत्राने ठरतो असा स्रोत. एनजीस्पाइस आणि एलटीस्पाइस या सिम्युलेटरांमध्ये त्याला बी-सोर्स म्हणतात. चौथा, सीमध्ये कोड लिहून तो जोडण्याचा. जॉर्जिया टेकच्या एक्सस्पाइसमुळे हे शक्य झालं आणि एनजीस्पाइसने ते आत घेतलं. पाचवा व्हेरिलॉग-ए या भाषेचा. चिप बनवणाऱ्यांचं जग आता तिथेच आहे. आयआयटी कानपूरच्या योगेशसिंह चौहान यांच्या गटाचं गॅलियम नायट्राइड ट्रान्झिस्टरचं मॉडेल जागतिक मानक ठरलं, ते याच भाषेत मिळतं. पंपाच्या कामासाठी इतक्या लांब जावं लागत नाही.

एक मार्ग मुंबईचा आहे, आणि त्याची माहिती आपल्याच विद्यार्थ्यांना फार कमी असते याची मला खंत वाटते. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक महेश पाटील यांनी 'सीक्वेल' नावाचा सिम्युलेटर घडवला. वापरणाऱ्याने स्वतः ठरवलेले घटक घेऊन समीकरणं सोडवणारा, असं त्याच्या नावातच आहे. घटकाची समीकरणं ठरलेल्या साच्यात लिहा आणि तो वापरा, ही सोय तिथे मागून जोडलेली नाही, तिच्यावरच सगळं उभं आहे. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यासाठी तो वापरला गेला. पुढे पाटील आणि सहकाऱ्यांनी 'जीसेम' हा खुला सिम्युलेटर काढला, त्यात मोटर आणि ड्राइव्हसारख्या गोष्टी मांडणं स्पाइसपेक्षा सरळ जातं. आयआयटी मुंबईच्याच फॉसी प्रकल्पातून 'ईसिम' आलं, आधी त्याला ऑस्कॅड म्हणत. कीकॅडमध्ये सर्किट काढायचं, एनजीस्पाइसवर चालवायचं, आणि मॉडेल बदलण्यासाठी व सबसर्किट बांधण्यासाठी वेगळे एडिटर. जीसेम आणि ईसिम ही दोन्ही फुकट आहेत, आणि फुकटपेक्षा मोलाचं म्हणजे उघडी आहेत.

तर मोटर बी-सोर्सने बांधू. इंडक्शन मोटरची समीकरणं कुठल्याही इलेक्ट्रिकल मशीन्सच्या पुस्तकात आहेत. तीन फेजचं दोन अक्षांत रूपांतर करायचं, स्टेटर आणि रोटरचे चार फ्लक्स चार नोडवर ठेवायचे. अडचण फिरण्याची वाटते, कारण स्पाइसला फक्त व्होल्टेज आणि करंट कळतात. तोडगा जुना आणि देखणा आहे: रोटरचा वेग हा एका नोडचा व्होल्टेज मानायचा आणि टॉर्क हा त्या नोडमध्ये शिरणारा करंट. मग जडत्व म्हणजे कॅपॅसिटर होतो. 0.01 किलोग्रॅम-मीटर वर्ग जडत्वाला 0.01 फॅरड. बेअरिंगचं घर्षण म्हणजे त्याला समांतर रेझिस्टर. पंपाचा भार वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून नोडमधून वर्गाच्या प्रमाणात करंट ओढणारा आणखी एक बी-सोर्स. वर्ग लिहिताना वेगाला त्याच्या निरपेक्ष किमतीने गुणायचं, नाहीतर मोटर उलटी फिरली की पंप तिला ढकलू लागतो.

आणि इथे एक खड्डा आहे, ज्यात बहुतेक जण एकदा तरी पडतात. कॅपॅसिटरची किंमत '0.01एफ' अशी इंग्रजी अक्षराने लिहिली तर स्पाइस त्या अक्षराचा अर्थ फॅरड घेत नाही, फेम्टो घेतो. म्हणजे दहाचा उणे पंधरावा घात. रोटरला वजनच उरत नाही, मोटर एका क्षणात पूर्ण वेग घेते किंवा सिम्युलेटर गुदमरतो. 'एम' चंही तेच. मोठा लिहा की छोटा, स्पाइसमध्ये तो मिली असतो. मेगसाठी तिन्ही अक्षरं लिहावी लागतात. एक मेगओहमचा रेझिस्टर एक मिलीओहम झाला की सर्किटचं काय होतं हे सांगायला नको.

असाच दुसरा खड्डा पायांच्या क्रमाचा. बोर्डावरच्या टीओ-220 मॉसफेटचे पाय सहसा गेट, ड्रेन, सोर्स असे असतात, तर मॉडेलच्या फाइलमधला क्रम ड्रेन, गेट, सोर्स. सिम्बॉल पायांच्या क्रमांकाने जोडला तर गेट आणि ड्रेनची अदलाबदल होते आणि सिम्युलेटर एक शब्दही बोलत नाही. फाइलची पहिली ओळ वाचल्याशिवाय सिम्बॉल जोडू नये.

मोटरचे आकडे मिळवायचे तीन चाचण्यांतून: स्टेटरचा डीसी रेझिस्टन्स, भाराविना चालवून करंट आणि वॅट, आणि रोटर जखडून कमी व्होल्टेजवर पुन्हा तेच. पाणबुडी मोटरला पाणी भरल्याशिवाय चालवता येत नाही आणि तिचं बेअरिंग पाण्यावरच चालतं, त्यामुळे भाराविनाही ती बरीच वीज खाते. ती लोखंडाच्या खात्यात टाकली तर मॉडेल बिघडतं. हे सगळं रिवायंडिंगच्या दुकानात करता येतं. दुकानदाराला तारेचा गेज, वेढे, जोडणी तोंडपाठ असते. पंप न जोडता मोटर पाण्यात बुडवून तो अँपिअर बघतोच, त्याच्याशेजारी एक वॅटमीटर ठेवला की चाचणी पूर्ण. विद्यार्थ्याने कंपनीच्या पत्रकातून आकडे उचलण्यापेक्षा इथे एक दुपार घालवावी, कारण दोनदा रिवाइंड झालेली मोटर पत्रकातल्यासारखी राहिलेली नसते.

अशी मोटर सर्किटमध्ये घालून, ती वेगात आल्यावर एक फेज तोडली, की तुटलेल्या टोकाला रोटरचा व्होल्टेज उभा राहिलेला पडद्यावर दिसतो. स्वस्त प्रिव्हेंटर गप्प बसतो. तिन्ही करंटची तुलना करणारा पडतो.

मोटर झाली तरी काम संपत नाही, कारण वीज आणणारी लाईनही घटकच आहे. सिम्युलेटरचा व्होल्टेज सोर्स कितीही करंट काढला तरी दबत नाही. डीपीपासून एक किलोमीटर लांबच्या शेतात 'वीझल' नावाच्या तारेवरून वीज येते, तिचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण 0.93 ओहम. पाच हॉर्सपॉवरची मोटर थेट चालू होताना सहापट, म्हणजे 45 अँपिअरच्या आसपास घेते. तारेचा रिअॅक्टन्स धरून हिशेब केला तर त्या एका मोटरने फेजमागे 30 व्होल्टच्या आसपास गळतात. आता लाईट आली आणि त्या डीपीवरच्या साऱ्या स्टार्टरना ऑटो स्विच लावलेले असतील, तर सगळ्या मोटरी एकदम उठतात. व्होल्टेज इतका खाली जातो की काहींचे कॉन्टॅक्टर सुटतात, परत लागतात, परत सुटतात. डीपी जळण्याच्या कारणांत हे एक ठळक कारण आहे. लाईनसाठी दोनच घटक लागतात, फेजमागे एक रेझिस्टर आणि एक इंडक्टर. प्रोजेक्टमध्ये ते घातलेले क्वचित दिसतात.

सौर पंपाचं तर स्वतंत्र प्रकरण होईल. राज्याने 2024 पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना चालवली आहे. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात हॉर्सपॉवर असं तिचं गणित. पॅनेलचं मॉडेल वरवर सोपं आहे: एक करंट सोर्स, एक डायोड, दोन रेझिस्टर. 72 सेलच्या पॅनेलसाठी 72 डायोड न काढता एकाच डायोडचा आयडिअॅलिटी फॅक्टर 72 पट करायची युक्ती सगळीकडे सापडते. खोलीच्या तापमानाला ती अचूक चालते. तापमान वाढवून बघा, पॅनेलचा व्होल्टेज वाढू लागतो. खऱ्या पॅनेलचा कमी होतो, अंशामागे साधारण 0.3 टक्के, म्हणजे दौंडच्या एप्रिलच्या उन्हात काच 65 अंशांवर गेली तर 25 अंशांच्या मानाने 12 टक्के. कारण असं की तापमानाचं सूत्र डायोडच्या बँडगॅपला त्याच आयडिअॅलिटी फॅक्टरने भागतं. फॅक्टर 72 पट झाला आणि बँडगॅप जुनाच राहिला, की डायोडच्या सॅच्युरेशन करंटवर उष्णतेचा परिणाम जवळजवळ पुसला जातो. बँडगॅप आणि तापमानाचा घातांकही 72 पट केले की मॉडेल सरळ येतं. उंच उसाची किंवा खांबाची सावली बघायची असेल, तर पॅनेलचे तीन भाग करून प्रत्येकाला बायपास डायोड लावावा लागतो. त्याशिवाय पॅनेलच्या पॉवरच्या आलेखाला दोन शिखरं येत नाहीत, आणि सगळ्यात उंच शिखर शोधणाऱ्या ड्राइव्हचं खोट्या शिखरावर अडकणं दिसतच नाही.

सूत्रं लिहिताना आणखी एक पथ्य. स्पाइस प्रत्येक क्षणाचं उत्तर न्यूटन-रॅफसन पद्धतीने अंदाज घेत काढतो आणि प्रत्येक अंदाजाला त्याला वक्राचा उतार लागतो. 'इतक्याच्या वर असेल तर एक, नाहीतर शून्य' असं सूत्र दिलं की त्या कोपऱ्यावर उतारच नाही. मग वेळेची पावलं बारीक होत जातात आणि शेवटी तो हात टेकतो. तिथे हायपरबोलिक टँजंटसारखा वळण घेणारा वक्र वापरावा. काही जण अशा वेळी सहिष्णुतेची मर्यादा, जी मुळात हजारात एक असते, सैल करून गाडी पुढे ढकलतात. मला ते मान्य नाही. सिम्युलेटर अडतो तिथे बहुधा मॉडेलमध्ये निसर्गात नसलेलं काहीतरी असतं.

कंपन्यांकडून मिळालेल्या मॉडेलांबद्दल थोडक्यात. ती चांगली असतात, पण ज्या वापरासाठी बनवली त्यापुरतीच. अनेकांत ब्रेकडाउन नसतो, काहींत तापमान नसतं, काही कुलूपबंद असल्याने आत काय आहे ते बघताच येत नाही. पीस्पाइससाठी लिहिलेलं मॉडेल एनजीस्पाइसमध्ये किरकोळ बदल केल्याशिवाय चालेलच असं नाही. बऱ्याच फाइली इतरांना वाटण्याचा परवानाही नसतो. म्हणून आपण मोजून केलेली फाइल खुली ठेवण्याला किंमत आहे, आणि तिच्या वरच्या ओळींत लिहिलेलं असावं: कोणती मोटर, किती वेळा रिवाइंड झालेली, कोणत्या व्होल्टेजला आणि तापमानाला मोजली, कुठपर्यंत विश्वास ठेवायचा.

ही कुठपर्यंतची ओळ कशी निर्णायक ठरते ते कंडेन्सरवर चालवलेल्या मोटरीत दिसतं. तीनपैकी दोनच फेज असताना तिसऱ्या टोकाला कंडेन्सर लावून थ्री फेज मोटर चालवणं गावोगाव चालतं. वर बांधलेल्या मॉडेलमध्ये हे सहज मांडता येतं, आणि चालू होताना लागणारा कंडेन्सर चालताना लागणाऱ्यापेक्षा किती मोठा असतो तेही कळतं. पण मोठा कंडेन्सर तसाच राहिला की त्या वायंडिंगवरचा व्होल्टेज पुरवठ्याच्या वर जातो, लोखंड सॅच्युरेट होतं आणि मॅग्नेटायझिंग करंट झपाट्याने वाढतो. आपल्या मॉडेलमध्ये मॅग्नेटायझिंग इंडक्टन्स एकच ठरलेला आकडा आहे, त्यामुळे ते हा करंट कमी दाखवतं आणि मोटर थंड राहील असं सांगतं. याला भाराविनाची चाचणी एका व्होल्टेजला करून भागत नाही. थ्री फेज व्हेरिअॅकवर 200 पासून 450 व्होल्टपर्यंत पायरीपायरीने न्यावी लागते, आणि त्यातून मिळालेला वक्र बी-सोर्समध्ये आकड्याच्या जागी बसवावा लागतो.